नारोशंकर ते मालेगावचा भुईकोट: वाडे-गढ्यांची एक दिवसाची टूर, आमचा अनुभव

मी जन्मापासून नाशिकच्या पंचवटीतली. नारोशंकराच्या देवळावरून रोज भाजीला जाणं-येणं, लहानपणी गोदाघाटावर खेळताना त्याच देवळाच्या तटाला टेकून किती कुल्फ्या खाल्ल्या असतील याची गणतीच नाही. पण नारोशंकर हा माणूस कोण होता, त्याचा वाडा कुठे, घरातले लोक कुठे गेले, पैसा कुठून आला आणि गेला कुठे, हे मला वयाच्या चाळीशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. म्हणून ही टूर केली आणि म्हणूनच हा रिव्ह्यू जरा लांबलाय, सवडीने वाचा.

आपल्या नाशिकमधलेच एक रिटायर्ड इतिहासाचे शिक्षक महिन्यातून एखाद्या रविवारी ही टूर काढतात. नाव देत नाही कारण त्यांनी स्वतःच नको म्हणून सांगितलंय, घाटावर कुणालाही विचारा, लगेच कळेल. माणशी चौदाशे रुपये, त्यात सकाळचा नाष्टा, दुपारचं साधं जेवण आणि गाडी. आम्ही घरचे चौघं, मी, मिस्टर, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. आईंचं वय बहात्तर, गुडघे दुखतात म्हणून आधी फोन करून विचारलं तर सर म्हणाले, "ताई, काकूंना बिनधास्त आणा, जिथे चढ आहे तिथे मी त्यांना खुर्चीवर बसवून तिथली गोष्ट तिथेच सांगतो." आणि दिवसभर त्यांनी तो शब्द पाळला, गाडीत एक फोल्डिंगची खुर्ची खरंच होती.

सुरुवात सकाळी सहा वाजता, नारोशंकराच्या देवळापासूनच. एवढ्या सकाळी घाटावर गर्दी नसते, रामसेतू पुलावरून एखाददुसरी सायकल जाते आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. मूळ देऊळ रामेश्वराचं म्हणजे महादेवाचं, 1747 सालचं, पण लोकांच्या तोंडी देवाचं नाव मागे पडलं आणि बांधणाऱ्याचं राहिलं. सरांनी आधी आत नेलंच नाही. बाहेर उभं करून तटाच्या चार कोपऱ्यांवरच्या छत्र्या दाखवल्या, मग शिखर, मग भिंतीवरचे मोर, वाघ, माकडं, हत्ती. माझ्या मुलाने पंधरा मिनिटांत माकडं मोजून काढली. मी तर त्या भिंतीला चाळीस वर्षं टेकत आलेय आणि तिच्यावर माकडं आहेत हे मला माहीतच नव्हतं!

मग घंटा. नदीकडच्या तटावर मधोमध कमानीत टांगलीय ती. नाशिकमध्ये एखाद्याचा आवाज मोठा असला की जुनी माणसं त्याला नारोशंकराची घंटा म्हणतात, ती हीच. ही आपल्याकडे ओतलेली नाही, पोर्तुगीजांची आहे, वरती 1721 साल आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा लुटीत आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना गेल्या, भीमाशंकरलाही तशीच एक आहे. आपल्या वाट्याला ही आली. सर म्हणाले, सरदाराच्या घरात लूट यायची म्हणजे फक्त सोनंनाणं नाही, मान पण यायचा, आणि तो मान लोकांना दिसेल असा टांगायला देऊळ लागायचं. गोदावरीला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघतात आणि मग नारोशंकराच्या घंटेकडे बघतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीतय. 1969 चा पूर आईंनी डोळ्यांनी बघितलाय, त्या तिथेच पायरीवर बसून सांगायला लागल्या आणि सर चक्क गप्प बसून ऐकत राहिले, मध्ये तोडलं नाही. हे मला फार आवडलं. गाईड लोक सहसा दुसऱ्याला बोलू देत नाहीत.

आता माणसाबद्दल. नारोशंकर दाणी. घराणं मुळात लढाईतलं नव्हे, लिहिण्या-वाचण्याचं. पेशवाईत अशी बरीच माणसं हिशेबाच्या कामातून वर आली आणि मग हातात तलवार घेऊन फौजा चालवायला लागली. 1742 च्या सुमाराला ते बुंदेलखंडात झाशीचे सुभेदार झाले. झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंह देवांनी 1613 मध्ये बांधलेला, नारोशंकरांनी त्यात भर घातली, त्या भागाला शंकरगड म्हणतात, आणि किल्ल्याखाली माणसं आणून वसवली, त्यातून आजचं झाशी शहर वाढलं. म्हणजे पुढे ज्या झाशीसाठी राणी लक्ष्मीबाई लढल्या ते गाव मोठं केलं आपल्या नाशिकच्या घाटावर देऊळ बांधणाऱ्या माणसाने! हे ऐकून मुलगा एकदम म्हणाला, "मग हे आमच्या पुस्तकात का नाही?" सरांनी उत्तर दिलं नाही, नुसतं त्याच्या पाठीवर थाप मारली.

राजेबहाद्दर हा किताब दिल्लीच्या बादशहाकडून मिळालेला, पुढे घराण्याचं आडनावच राजेबहाद्दर झालं.

देवळाला त्या काळी अठरा लाख रुपये खर्च आला असं जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. माझ्या डोक्यात तिथेच प्रश्न आला की एवढे पैसे एका सरदाराकडे येतात कुठून, आणि खरं सांगते, या टूरची सगळी मजा याच प्रश्नात आहे. नुसत्या तलवारी, ढाली आणि जय भवानी असं नाहीये. सर वाड्याकडे जमाखर्चाच्या वहीसारखं बघायला शिकवतात.

नाष्ट्याला मिसळ होती, मध्यम तिखट, आईंसाठी वेगळा उपमा. ठीक होता. गाडी आग्रा रोडला लागली आणि सरांनी माईक घेतला.

सरंजाम हा शब्द आपण लग्नातल्या जेवणाच्या सरंजामापुरता वापरतो. पेशवाईत सरंजाम म्हणजे सरदाराला नेमून दिलेल्या गावांचा वसूल. त्याचे दोन भाग, एक जात सरंजाम म्हणजे सरदाराच्या स्वतःच्या घरखर्चाला, पालखी, अब्दागिरी म्हणजे मानाची छत्री, नोकरचाकर वगैरे, आणि दुसरा फौज सरंजाम म्हणजे अमुक इतके घोडेस्वार बाळगायचे त्याचा खर्च. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळतो तो, आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो. सरंजामाची गावं काही मालकीची नव्हेत, चाकरीच्या बदल्यात मिळालेली, सरकारच्या मनात आलं तर काढून घेता येत होती. वतन आणि इनाम वेगळं, ते वंशपरंपरेने चालायचं. म्हणून प्रत्येक सरदाराची धडपड एकच, सरंजामाच्या वसुलातून काहीतरी वाचवून स्वतःचं, न हलणारं काहीतरी उभं करायचं. वाडा, गढी, देऊळ, घाट, एखाददुसरं इनाम गाव. आणि हे करायला सावकाराकडून उचल, कारण मोहीम आज आणि वसूल सहा महिन्यांनी. जवळजवळ सगळे मोठे सरदार कर्जात असायचे. मिस्टर बँकेत आहेत, ते इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेले, एकदम वळून बसले आणि पुढचा अर्धा तास त्यांचेच प्रश्न चालू होते.

चांदवड नाशिकपासून साधारण पासष्ट किलोमीटर. इथे होळकरांचा रंगमहाल. बाहेरून बघितलं तर तटबंदीची गढी वाटते आणि आत शिरलं की लाकूड, कोरीव खांब, महिरपी, भिंतींवरची रंगीत चित्रं. काही चित्रं पुसट झालीयत पण रंग अजून जिवंत आहेत, विशेषतः तांबडा. इथे अहिल्याबाईंचं नाव निघणारच. मला नव्याने कळलेली गोष्ट म्हणजे खासगी आणि दौलत यातला फरक. होळकरांची दौलत म्हणजे राज्याचा खजिना, आणि खासगी म्हणजे घरातल्या बायकांची स्वतंत्र जहागीर, ती 1734 मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना लावून दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली आणि काशीपासून रामेश्वरपर्यंत त्यांनी जे घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्याचा मोठा पैसा या खासगीतून. आईंनी हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना कुणाकडे मागावं लागत नव्हतं." एवढंच म्हणाल्या आणि पुढे कितीतरी वेळ त्या खांबावर हात ठेवून उभ्या होत्या.

पण रंगमहालात आम्हाला मिळाला फक्त पाऊण तास, आणि ही माझी पहिली तक्रार. कारण वाटेत ड्रायव्हरने चहाच्या नावाखाली ढाब्यावर पस्तीस मिनिटं घालवली. एवढा सुंदर वाडा आणि आम्ही घड्याळाकडे बघत फिरलो. विहिरीकडे तर निम्मे लोक गेलेच नाहीत. सरांना मी तिथल्या तिथे सांगितलं, त्यांनी मान्य केलं, ड्रायव्हरला सगळ्यांसमोर न ओरडता बाजूला घेऊन बोलले.

मालेगाव. नाशिकपासून शंभराच्या वर किलोमीटर, मोसम नदीच्या काठी. आपण नाशिकचे लोक मालेगाव म्हटलं की यंत्रमाग आणि ट्रॅफिक एवढंच डोक्यात आणतो, गावाच्या मधोमध भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला आहे हे कित्येकांना माहीतच नाही. हा नारोशंकरांचा. 1740 च्या सुमाराला काम सुरू झालं आणि पंचवीस वर्षं चाललं असं सांगतात. चिरेबंदी तट, दुहेरी, बाहेरून खंदक, एका अंगाला नदी. डोंगरी किल्ल्याला डोंगर राखतो, भुईकोटाला काही राखत नाही, सगळं पैशाने आणि दगडाने उभं करावं लागतं. आणि हा किल्ला सरकारचा म्हणून नव्हे तर घराण्याचं ठाणं म्हणून बांधलेला, म्हणजे आत राहतं घर, कचेरी, कोठारं, पागा सगळं एकत्र. नारोशंकर स्वतः झाशीत, दिल्लीत, मोहिमांवर, आणि इकडे घर वर्षानुवर्षं बांधलं जातंय. किती दिवस राहिला असेल तो माणूस स्वतःच्या घरात? मला तिथे उभं राहून हेच सारखं वाटत होतं.

आत आता शाळा भरते, रविवार असल्याने शांत होतं. दरवाज्यापाशी सरांनी एक गोष्ट दाखवली ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दाराच्या मागे दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोकं असतात, अडसर सरकवायची. एका बाजूचं भोक खोल, आख्खं लाकूड आत जाईल एवढं, दुसऱ्या बाजूचं हातभर. दिवसा अडसर खोल भोकात ढकलून ठेवायचा आणि रात्री ओढून समोरच्या भोकात अडकवायचा. सरांनी मुलाला हात घालायला लावला. भोकाची खालची कड गुळगुळीत झालेली, मध्ये जराशी खोलगट, लाकूड रोज संध्याकाळी आणि पहाटे घासून घासून. मुलगा म्हणाला, "आई, हात घालून बघ, साबणासारखं लागतंय." मी पण घातला. कुणीतरी रोज संध्याकाळी हे ओढलं असेल, त्याचं नाव कुठल्याही बखरीत नाही, पण दगडाला लक्षात आहे.

तिथेच सावलीत बसून पानिपत. 1760 च्या ऑगस्टमध्ये मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली आणि लाल किल्ला नारोशंकरांच्या हवाली केला. मोठा मान, पण खजिना रिकामा. दिवाण-ए-खासच्या छताचा चांदीचा पत्रा काढून त्याचे रुपये पाडून फौजेला वाटायची वेळ आली होती. पुढे भाऊ पानिपतला अडकले तेव्हा दिल्लीहून पैसा पोचवायची जबाबदारी नारोशंकरांवर. जानेवारीत दिल्लीहून थोडा खजिना घेऊन स्वार निघाले, रात्रीचा प्रवास, आणि अंधारात वाट चुकून आपली छावणी समजून थेट अब्दालीच्या छावणीत शिरले. बहुतेक तिथेच कापले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत 14 जानेवारी 1761. बातमी दिल्लीत पोचली आणि नारोशंकर दिल्ली सोडून निघाले. सरांनी त्यांना हिरो पण केलं नाही आणि पळपुटा पण म्हटलं नाही, काय हातात होतं आणि काय नव्हतं तेवढं सांगितलं. आमच्या ग्रुपमधले एक काका जरा तावातावाने बोलायला लागले तर सरांनी शांतपणे दिल्ली ते पानिपत अंतर, थंडी, उपाशी जनावरं हे सगळं एकेक करून पुढे ठेवलं. काका मग ऐकत बसले.

नारोशंकरांच्या नंतरचा भाग मला जास्त लागला. 1818 ला पेशवाई संपली पण मालेगाव संपलं नाही. किल्ल्यात अरब शिबंदी होती, पूर्वीपासून पगारावर ठेवलेले कडवे लोक, त्यांनी इंग्रजांना दार उघडलं नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वेढा. इंग्रजांची दोनशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. शेवटी आतलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, तट फुटला आणि अरब बाहेर आले. म्हणजे ज्या घराण्याने पंचवीस वर्षं लावून किल्ला बांधला त्या घराण्याच्या हातात शेवटच्या लढाईत तो नव्हताच, पगारी शिबंदीच्या हातात होता. सरांनी विचारलं, का? मिस्टर म्हणाले, पगार थकला असेल म्हणून. सर हसले आणि म्हणाले, तुमच्यासारखी माणसं टूरला यायला पाहिजेत.

जेवण मालेगावलाच, पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, शेवटी ताक. गरम होतं, भरपूर होतं. बसायची जागा मात्र फार अडचणीची, तेरा माणसं दोन टेबलांवर. आईंना पंख्याखाली जागा मिळावी म्हणून एका कॉलेजच्या मुलीने आपली खुर्ची दिली, बाळ तू हे वाचत असशील तर तुला खूप आशीर्वाद.

परतीच्या वाटेवर बहुतेकांना झोप लागते पण मी मुद्दाम जागी राहिले आणि बरं झालं. इंग्रजांनी सगळे सरंजाम लगेच बंद केले नाहीत, काही घराण्यांकडे चालू ठेवले. पण 1852 ला इनाम कमिशन आलं आणि प्रत्येक घराण्याला विचारलं, तुमच्या हक्काचा कागद दाखवा. मग घराघरांत माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे खाली आले. ज्याच्याकडे सनद निघाली तो वाचला, ज्याची वाळवीने खाल्ली त्याचं गाव गेलं. इतकी वर्षं खरी किंमत तलवारीची होती, एकदम कागदाची झाली. आणि पुढे स्वातंत्र्यानंतर 1948 चा कूळ कायदा आणि 1952 चे सरंजाम-जहागिऱ्या परत घेण्याचे नियम, त्यात जे उरलं होतं तेही गेलं. हे व्हायलाच पाहिजे होतं असं माझं स्पष्ट मत आहे, माझे आजोबा स्वतः कूळ होते आणि त्या कायद्याने त्यांना दोन एकर मिळाली, त्या दोन एकरांवर माझे वडील शिकले. पण ज्या घरांचं उत्पन्न गेलं त्यांच्याकडे चाळीस-पन्नास खणांचे वाडे राहिले आणि कौलं शाकारायला पैसे नाहीत, भाऊबंदकीत एकाच वाड्याचे अकरा हिस्सेदार, मग पडझड, मग बिल्डर. जुन्या नाशकात, सराफ बाजाराकडे, तिवंध्याला असे वाडे आपल्या डोळ्यांदेखत गेलेत. सरकारवाड्यासारखा एखादा सरकारने राखला म्हणून आपल्याला आज त्याच्या दगडी पायऱ्या चढता येतात. हे दोन्ही एकाच वेळी मनात धरून ठेवायला मला त्या परतीच्या दोन तासांत जमलं, ते सरांच्या सांगण्यामुळे.

आता तक्रारी स्पष्ट लिहिते म्हणजे जाणाऱ्यांना उपयोग होईल. गाडीचा एसी मागच्या सीटला पोचत नाही, आईंना पुढे बसवलं म्हणून निभावलं. बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट फक्त दोन ठिकाणी मिळालं, हे आधी सांगायला हवं होतं. चांदवडला वेळ कमी. माईकचा आवाज मध्येमध्ये फाटतो. आणि सर प्रत्येकाला हातात एक छापील कागद देतात ज्यात सनावळी आहे, त्यात सरंजाम, वतन, इनाम, बारगीर, शिलेदार अशा शब्दांचे अर्थ पण द्यावेत, मुलांना फार उपयोगी पडेल.

चौदाशे रुपये वसूल का, तर हो, पूर्ण. आठवीच्या पुढची मुलं असतील तर नक्की न्या, त्याहून लहान असतील तर कंटाळतील, गोष्टी पैशांच्या आणि कागदांच्या आहेत. उन्हाळ्यात नको, मालेगावला सावली कमी. दिवाळीनंतर ते जानेवारी सगळ्यात बरं. टोपी, पाण्याची मोठी बाटली, आणि भिंतीतल्या भोकात हात घालायची तयारी.

टूरच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी मुलगा शाळेतून थेट घरी आला नाही, घाटावर गेला होता, घंटेवरचं साल शोधायला. खालून नीट दिसत नाही म्हणून मोबाईलवर झूम करून फोटो काढून आणला आणि आईंना दाखवला. पुढच्या महिन्यात सर विंचूर-येवला काढणार आहेत, विंचूरचे विठ्ठल शिवदेव पण दाणीच, आणि येवला तर तात्या टोपेंचं जन्मगाव. आईंनी स्वतः फोन करून चार सीटा सांगितल्यायत, खुर्ची विसरू नका म्हणाल्या, आणि विंचूरला निदान दोन तास पाहिजेत हेही ठणकावून सांगितलं.